धोक्याच्या बावट्याचा नंबर सांगतो तरी काय?

‘मुंबई बंदरात तीन नंबरचा बावटा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ ही बातमी दर पावसाळ्यात येते. चारचा लागला की बातमीदाराचा आवाज चढतो आणि पाच ऐकल्यावर पाहणारा खिडक्या लावायला उठतो. नंबर वाढला म्हणजे धोका वाढला, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

या पद्धतीचं मूळ कोलकात्यात. ५ ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळात हुगळी नदीतल्या जहाजांची वाताहत झाली, हजारो माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी त्या बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले. पश्चिम किनाऱ्यासाठी मात्र १८८० उजाडावं लागलं. कुलाब्याची वेधशाळा १८२६पासून होती, पण नुसत्या नोंदींवर इशारा निघत नाही. त्यासाठी इतर ठिकाणची निरीक्षणं तारेनं वेळेत यावी लागतात. (१८८२च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळानं लाखभर माणसं मेल्याची गोष्ट अजून फिरत असते. एवढ्या मोठ्या संहाराचा पुरावा त्या काळच्या नोंदींत सापडत नाही. ती खुशाल सोडून द्यावी.) इशारे सुरू झाले म्हणून जहाजं वाचू लागली असंही नाही. नोव्हेंबर १८८८मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’, लोकांची ‘वीजळी’, सातशेहून अधिक माणसांसकट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली.

१८९८मध्ये सगळ्या बंदरांसाठी एकच पद्धत ठरली आणि आजचे १ ते ११ नंबर तिच्यातूनच आले. आपण बावटा म्हणतो खरं, पण डोलकाठीवर दिवसा शंकू आणि नळकांडी यांच्या आकाराच्या खुणा चढवायच्या, रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे, अशी ती व्यवस्था. १ आणि २ हे दूरचे इशारे: खोल समुद्रात काहीतरी शिजतंय किंवा वादळ तयार झालंय, बाहेर पडणाऱ्या जहाजानं जपावं. ३ म्हणजे या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. ४ म्हणजे वादळाचं सावट आहे, पण टोकाचे उपाय करण्याची वेळ अजून आलेली नाही. इथपर्यंत नंबर आणि धोका हातात हात घालून चालतात.

गुंता पाचपासून होतो. ५, ६ आणि ७ या तिघांत वादळाची ताकद एकच, फरक फक्त वाटेचा. वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाणार असेल तर ५, उजव्या हाताला ठेवून जाणार असेल तर ६, बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर ७. तीव्र वादळासाठी हीच वाटणी ८, ९ आणि १० अशी. ११ तर वादळाची ताकदही सांगत नाही आणि दिशाही. हवामान खात्याशी संपर्क तुटलाय आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला लक्षण ठीक दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ‘पाचवरून सहावर गेला’ ही बातमी वादळ वाढल्याची नसून त्याची वाट बदलल्याची असते.

डाव्या-उजव्याला इतकं महत्त्व का, हे मुंबईनं लागोपाठ दोन वर्षांत पाहिलं. आपल्याकडच्या चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. मुंबई त्याच्या डाव्या हाताला राहिली. त्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी फारसं आत लोटलं गेलं नाही. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि मुंबई थोडक्यात निसटली. १७ मे २०२१ला ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्यावर चढलंच नाही. शंभराहून अधिक किलोमीटर लांबून ते गुजरातकडे गेलं, पण या वेळी मुंबई उजव्या हाताला होती. वारा समुद्राकडून आला, कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि गेटवेच्या कठड्यावरून लाटांनी शहराचाच कचरा शहराला परत केला. ‘जवळचं वादळ’ आणि ‘लांबचं वादळ’ एवढ्या हिशेबानं पाहणाऱ्याला हे उलटं वाटेल. ज्या बंदर अधिकाऱ्याला जहाजाचे दोर कुठल्या बाजूनं वाढवायचे हे ठरवायचं असतं, त्याच्यासाठी ५ आणि ६ मधला फरक म्हणजेच खरी माहिती.

अडचण अशी की ही भाषा धक्क्याला बांधलेल्या मोठ्या जहाजासाठी घडली होती. लहान बंदरांना तर पद्धतीची संक्षिप्त आवृत्तीच मिळाली: ३, ४, ७, १० आणि ११. म्हणजे जिथं मच्छीमारांच्या होड्या जास्त, तिथं दिशेची खूण मुळातच गाळलेली. शिवाय जाळी टाकून बसलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, बंदरावरची काठी दिसणार कशी? १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सकाळी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्यानं मुंबईला हे कळेपर्यंत दुपार उलटून गेली. किनारा आणि होडी यांच्यातलं हे अंतर पुढे रेडिओनं थोडं भरलं. आकाशवाणीवरचा मच्छीमारांसाठीचा इशारा ही कोळीवाड्यांतल्या कित्येक घरांची सवय झाली. पण होडी जितकी लांब, तितका ट्रान्झिस्टर खरखरणार.

नोव्हेंबर २००९चं ‘फयान’ चक्रीवादळ फार झपाट्यानं वाढलं. ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, पण होड्यांचा आणि माणसांचा घास घेतला रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे. २०१७च्या ‘ओखी’नं केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमारांची मोठी हानी केली आणि प्रश्न अधिक टोकदार केला. इशारा उशिरा निघाला की वेळेत निघूनही पोचला नाही, यावर खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या ट्रॉलरच्या दृष्टीनं दोन्हींचा अर्थ एकच होता. मोबाइल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंतच चालतो. त्यापलीकडे उपग्रहावरून थेट होडीवर संदेश देणारं यंत्र ऑक्टोबर २०१९मध्ये आलं. त्यावर संदेश येतो, उलट पाठवता येत नाही.

तौक्तेच्या वेळी तर संदेश पोचला नाही असं म्हणायची सोयच नव्हती. इशारे काही दिवस आधीपासून येत होते आणि तेलक्षेत्रातली बहुतेक जहाजं बंदरात परतली होती. मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेला कामगारांचा निवासी तराफा ‘पी-३०५’ तिथंच थांबला. नांगर तुटले, तराफा तेलविहिरीच्या फलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. २६१ माणसांपैकी सत्तरहून अधिक गेली. वारा झेपेल असा अंदाज करून कप्तानानंच थांबायचं ठरवलं, असं कंपनीकडून सांगण्यात आलं. कप्तानही बुडालेल्यांत असल्यानं त्याची बाजू आलीच नाही. काम थांबवलं तर कंत्राटाचे दिवस कुणाच्या खात्यात धरायचे, हा प्रश्न चर्चेत अगदी खालच्या आवाजात राहिला.

कोळीवाड्यात तोच प्रश्न छोट्या आकड्यांत भेटतो. ‘वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटर’ हे ठरावीक वाक्य आलं की डिझेल भरलेली, बर्फ घेतलेली होडी उभी राहते. बर्फ वितळतो, खलाशांचा खर्च चालूच राहतो. ओखीनंतर सावधगिरी वाढली, तसे हे दिवसही वाढले. पावसाळी मासेमारी बंदीही या वादात ओढली जाते. पूर्वी राज्यात ती १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर असे. आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. कागदावर ती माशांच्या विणीसाठी असली तरी दर्या शांत झाल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा जुना हिशेब ऑगस्टमध्ये पुन्हा ज्याच्या त्याच्यावर सोडला गेलाय. तौक्ते आणि फयान तर मे आणि नोव्हेंबरातली, म्हणजे कुठल्याच तारखेच्या बंदीत न बसणारी.

ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला जाहीर झालेल्या योजनेत देशभरातल्या एक लाख होड्यांवर मोफत ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. या यंत्रावर होडीकडूनही संदेश पाठवता येतो. परत फिरलेल्या फेरीचं डिझेल आणि बर्फ कुणी भरायचं, हे त्यात नाही.