कोयता निसटतो तो कधी आणि कुणाच्या हातून

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, काही पार कर्नाटकात. त्यांत वंजारी, बंजारा, दलित असतात आणि कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही असे मराठेही. तोडताना कुणाला कोयता लागला, की 'नशिबात होतं' म्हणून विषय मिटतो. अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना ते पटत नाही.

कंबरेत वाकून डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्याने बुडाशी घाव घालायचा. पातं आणि पायाची बोटं यांत वीतभर अंतर. वाढे म्हणजे शेंड्याची पानं छाटायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची, आणि पहाटे पुन्हा फडात.

आता १९९७ सालचा एक ऑस्ट्रेलियन प्रयोग पाहा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांचा हात-डोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के दारू असताना बिघडावा तितका बिघडलेला आढळला. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. जिला गाडी चालवू देणार नाही अशा अवस्थेतली बाई धारदार कोयता चालवते.

मग थांबत का नाहीत? कारण उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, मजुरी टनावर, आणि खाडा पडला तर दंड. बाईचा दिवस तर चुलीपासून सुरू होतो. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे साधारण १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीतही सुट्टी नाही. हे दुखणं अपघाताच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कायम कामगाराचं बोट प्रेसमध्ये गेलं, तर निदान ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, कार्ड तरी असतं. ठेकेदाराच्या मजुराचीही भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, असं १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १२ सांगत होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण साखर कारखाना टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, आणि दावा लावायला लागणारा हजेरीचा कागद टोळीकडे नसतो. करार होतो तो मुकादमाशी नाहीतर नवऱ्याशी, त्यामुळे मोळी वाहणाऱ्या बाईचं नाव त्यात क्वचितच सापडतं.