कीर्द, खतावणी आणि डेटाबेस

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या विद्यार्थ्याची डेटाबेसशी गाठ दुसऱ्या वर्षी पडते आणि बिझनेस इंटेलिजन्सशी, म्हणजे साचलेल्या नोंदींचे विश्लेषण करण्याच्या विषयाशी, तिसऱ्या वर्षी. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात हे दोन्ही विषय शिकवताना एक प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी ऐकावा लागतो. "सर, गेल्या वर्षी ग्राहकाचा जिल्हा दोन ठिकाणी लिहिला म्हणून तुम्ही गुण कापलेत, आता तोच जिल्हा प्रत्येक ग्राहकाच्या ओळीत पुन्हा पुन्हा लिहायला सांगता. मग बरोबर काय?" तक्रार रास्त आहे, कारण हे दोन विषय पहिल्या नजरेत खरोखरच एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि पाठ्यपुस्तके या विसंगतीकडे फारसे लक्ष न देता पुढे जातात.

समजा, वाशीच्या फळबाजारात एका अडत्याचा गाळा आहे. कळव्याचा एक फळविक्रेता पहाटे येतो आणि देवगड हापूसच्या 10, पायरीच्या 4 आणि केसरच्या 6 पेट्या उचलतो. बिलावर तीन ओळी येतात आणि तळाशी संपूर्ण बिलाची मिळून 120 रुपये हमाली. हे बिल एका लांबलचक टेबलमध्ये भरले, तर विक्रेत्याचे नाव, गाव आणि फोन तिन्ही ओळींत लिहावे लागतात. उद्या त्याचा फोन बदलला आणि जुन्या शेकडो ओळींपैकी दोन दुरुस्त करायच्या राहिल्या, तर एकाच माणसाचे दोन फोन डेटाबेसमध्ये नांदू लागतात आणि त्यांपैकी खरा कोणता, हे सांगायला यंत्राकडे काहीही आधार उरत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी आपण ग्राहकांचे टेबल वेगळे करतो, बिलांचे वेगळे, बिलातील ओळींचे वेगळे आणि फळांचे वेगळे. ग्राहकाला एक क्रमांक देतो आणि बिलात फक्त तो क्रमांक लिहितो. या विभागणीला नॉर्मलायझेशन म्हणतात. प्रत्येक गोष्ट एकदाच आणि एकाच जागी लिहावी, एवढेच तिचे म्हणणे आहे.

या विचाराचे मूळ आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांच्या 1970 सालच्या शोधनिबंधात आहे. (नवी मुंबई वसवणारी सिडकोही त्याच वर्षी स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग, पण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहायला सोयीचा.) त्याआधीच्या पद्धतींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी गुंफलेली असे, आणि हवी ती नोंद मिळवण्यासाठी कोणत्या फांदीवरून कुठे जायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. रचना बदलली की प्रोग्राम मोडत. माहिती यंत्रात कशी रचली आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य असू नये, त्याने साध्या टेबलांच्या भाषेत विचारावे आणि वाट शोधण्याचे काम यंत्राने करावे, असा कॉड यांचा आग्रह होता. पुढे 1974 मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. ते नाव दुसऱ्या कोणाचा ट्रेडमार्क निघाल्याने तिचे एसक्यूएल झाले. कॉड यांना 1981 मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

बिझनेस इंटेलिजन्स हा शब्दप्रयोग त्याहून जुना आहे. आयबीएमच्याच हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये या शीर्षकाचा लेख लिहिला होता, पण त्यात आलेख किंवा डॅशबोर्ड नव्हते. संस्थेत येणाऱ्या कागदपत्रांपैकी कोणते कोणाच्या कामाचे आहे, हे यंत्राने ओळखून त्या माणसापर्यंत पोहोचवावे, अशी ती कल्पना होती. आज आपण तो शब्द वापरतो, तो साचलेल्या नोंदींमधून निर्णयाला उपयोगी पडेल असे उत्तर काढण्याच्या अर्थाने.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संगणक येण्याच्या कितीतरी आधी आपल्या पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरत. खतावणीत त्याच रकमा पुन्हा, पण खातेवार लिहिल्या जात. एकच रक्कम दोन वह्यांत लिहिली म्हणून दिवाणजींना कोणी बोल लावत नसे, कारण अमुक आसामीकडे किती येणे आहे, हे कीर्द चाळून सांगायचे म्हटले तर संध्याकाळ झाली असती. मात्र एक शिस्त पाळली जाई. खतावणी नेहमी कीर्दीवरूनच तयार व्हायची आणि तिच्यात चूक दिसली, तर आधी कीर्द उघडायची. दुसऱ्या वर्षीचा डेटाबेस म्हणजे कीर्द आणि तिसऱ्या वर्षीचे डेटा वेअरहाऊस, म्हणजे विश्लेषणासाठी वेगळी ठेवलेली नोंदींची प्रत, म्हणजे खतावणी, एवढे मानले की विसंगती बरीचशी विरते. पुनरुक्ती घातक ठरते ती जिथे माणसे रोज हाताने बदल करतात तिथे. जी प्रत मुळावरून ठरावीक वेळाने यंत्रच तयार करते आणि जिला मधे कोणी हात लावत नाही, तिच्यात पुनरुक्तीमुळे फार तर थोडी जागा जास्त लागते.

प्रत करण्यामागे यंत्राच्या स्वभावाचेही कारण आहे. नेहमीचा डेटाबेस एका ओळीतले सर्व रकाने शेजारी शेजारी साठवतो आणि डिस्कवरून पानापानाने वाचतो. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये असे पान साधारणपणे 8 किलोबाइटचे असते. एक बिल शोधायचे असेल तर ही रचना उत्तम, कारण अनुक्रमणिकेच्या प्रत्येक पानावर 500 वाटा आहेत असे धरले तर तीन पायऱ्यांत 12 कोटी 50 लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. पण "गेल्या पाच हंगामांत महिनावार किती पेट्या गेल्या?" या प्रश्नाला प्रत्येक ओळ लागते आणि प्रत्येक ओळीतले फक्त दोन रकाने लागतात. सारख्या रुंदीचे 20 रकाने असतील, तर वाचलेल्यापैकी नऊ-दशांश मजकूर फुकट जातो. म्हणून विश्लेषणासाठीचे अनेक डेटाबेस उभे साठवण करतात, म्हणजे एका रकान्यातली सर्व मूल्ये एकत्र ठेवतात. तिथे "हापूस" हा शब्द सलग हजार वेळा आला तर तो एकदाच लिहून पुढे हजाराचा आकडा ठेवता येतो, त्यामुळे पुनरुक्तीची किंमतही जवळजवळ नाहीशी होते.

या खतावणीची नेहमीची मांडणी स्टार स्कीमा म्हणून ओळखली जाते. मधोमध मोजण्याजोग्या आकड्यांचे फॅक्ट टेबल आणि भोवती ग्राहक, फळ, तारीख अशी वर्णनाची डायमेन्शन टेबले. चित्र सोपे आहे आणि परीक्षेत सगळेच ते काढतात. अवघड आहे ते फॅक्ट टेबलमधली एक ओळ म्हणजे नक्की काय, हे ठरवणे; याला ग्रेन म्हणतात. एका प्रॅक्टिकलला वरच्यासारख्याच बिलांवर काम देताना मीच घाईत बिले आणि बिलातील ओळी जोडून एक तयार टेबल मुलांना दिले होते. तीन फळांच्या बिलात 120 रुपये हमाली तिन्ही ओळींत छापली गेली आणि बेरीज 360 झाली. यंत्राने कुठलीही चूक दाखवली नाही, आलेख सुबक आला, आणि हमालीचा खर्च एवढा कसा, यावर दोन मुलांनी पानभर निष्कर्षही लिहून दिले. ओळ फळाची असेल, तर हमालीही फळांत वाटून लिहिली पाहिजे, नाहीतर तिला बिलाच्या पातळीवरच्या वेगळ्या टेबलात ठेवले पाहिजे. चूक माझी होती, आणि तेव्हापासून ग्रेनचा तास मी दोन तासांचा केला आहे.

कीर्दीतून खतावणीत माल आणण्याच्या कामाला ईटीएल म्हणतात: काढणे, शुद्ध करणे, भरणे. त्यातले मधले काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि प्रकल्पाचा बहुतेक वेळ तेच खाते. "देवगड हापूस", "हापूस देवगड" आणि "हापुस (दे.)" हे तीन आंबे नव्हेत, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

आणि मग काळाचा प्रश्न येतो, जो ठाणेकर विद्यार्थ्याला चटकन कळतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि वसईसह आठ तालुके त्यात गेले. वसईच्या ग्राहकाच्या ओळीत "ठाणे" खोडून "पालघर" लिहिले, तर कीर्दीच्या दृष्टीने ते अगदी योग्य, कारण आजचे बिल आजच्या जिल्ह्याने गेले पाहिजे. पण वेअरहाऊसमध्ये तेच केले की 2013 ची त्याची सर्व खरेदीही पालघरच्या नावावर जमा होते, आणि तेव्हा छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या अहवालाशी आजचा आकडा जुळत नाही. त्यावर उपाय म्हणून जुनी ओळ न खोडता तिच्यावर "31 जुलै 2014 पर्यंत" अशी मुदत टाकतात आणि त्याच ग्राहकाची दुसरी ओळ नव्या क्रमांकाने 1 ऑगस्टपासून सुरू करतात. जुन्या बिलांना जुना क्रमांक, नव्या बिलांना नवा.

तोंडी परीक्षेत मी पुढचा प्रश्न विचारतो. आजच्या सीमा धरून 2013 ची तुलना 2023 शी करायची असेल तर? पुष्कळ मुले इथे थबकतात, कारण आत्ताच वाचवलेला इतिहास त्यांना आता अडचणीचा वाटू लागतो. गेल्या खेपेला एका मुलीने थोडा विचार करून टेबलाला आणखी एक रकाना जोडला आणि त्यावर लिहिले, "आजचा जिल्हा". वसईच्या दोन्ही ओळींत तिने पालघर भरले, आधीचा जिल्ह्याचा रकाना जसाच्या तसा ठेवला, आणि मग मला विचारले, "सर, यासाठी गुण कापणार नाही ना?"