जळगावचे कला-उत्सव आणि नगराभिमान

डाळ, पाइप, चटई, सोने आणि केळी यांवर पोट चालणाऱ्या जळगाव शहरात वर्षभर रथ, वाहने, संगीत महोत्सव, नाट्यस्पर्धा आणि बोलीचे मेळे होतात. त्यांच्याभोवती ‘हे आपल्या गावाचं’ ही भावना वाढली आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि महानगरपालिका २००३ मध्ये झाली. तरी जुन्या भागात जायचे असले, की जळगावकर आजही ‘गावात जातो’ असेच म्हणतो. या गावपणाचे कारण उत्सवांत सापडते. इथला अभिमान मंचावरच्या नावांवर कमी आणि कामाला लागलेल्या हातांवर जास्त पोसला जातो. ज्या उत्सवात शहराला करण्यासारखे काही असते तो टिकतो, आणि जो नुसता बघायचा असतो त्याला दरवर्षी नव्याने माणसे जमवावी लागतात.

पूर्वपीठिका

मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वधारलेला कापूस यांमुळे जळगाव बाजारपेठ म्हणून वाढले. १८७० च्या दशकात इथे कापडगिरणी उभी राहिली. ‘खानदेश मिल’ हे नाव बोलण्यात अजून आहे, गिरणी नाही. त्याच दशकात, १८७२ मध्ये, जुन्या जळगावातील श्रीराम मंदिराचा रथोत्सव सुरू झाला. शहराचा पहिला मोठा कारखाना आणि पहिला मोठा उत्सव असे जवळपास एका वयाचे आहेत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण बनले. १९४५ मध्ये मूळजी जेठा महाविद्यालय आले. नाटक-वक्तृत्वाची हौस असलेली शहरातील अनेक पोरे त्या आवारातूनच पुढे आली. १९८४ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही जळगावात भरले होते.

रथ, वाहने आणि मोगरी

कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज एक वाहन निघते. घोडा, हत्ती, सिंह, गरुड अशा लाकडी वाहनांवर देव बसतो आणि गल्लोगल्ली फिरतो. प्रबोधिनी एकादशीला रथ निघतो. वाटेत भिलपुऱ्यातील लालशा बाबांच्या समाधीवर चादर वाहिली जाते. हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाज हा मान मनापासून जपतात, आणि जळगावकर पाहुण्याला रथाची हीच गोष्ट आधी सांगतो.

रथाला सुकाणू नसते आणि ब्रेकही नसतो. पुढे दोर ओढणारी शेकडो माणसे आणि चाकांशी मोगरीवाले, एवढ्यावरच तो चालतो. मोगरी म्हणजे पाचरीसारखा जड लाकडी ठोकळा. सरळ थांबवायचे असेल, तर दोन्ही बाजूंच्या चाकांना एकाच वेळी मोगरी लावतात. वळवायचे असेल, तर फक्त वळणाच्या आतल्या चाकाला लावतात. ते चाक अडते, बाहेरचे फिरत राहते आणि रथाचे तोंड आतल्या बाजूला येते. एका मोगरीने रथ थोडाच वळतो. म्हणून काटकोनी वळणावर लावणे, ओढणे, काढणे हे चक्र अनेकदा करावे लागते, आणि जुन्या जळगावच्या अरुंद गल्ल्यांत अशी वळणे पुष्कळ आहेत.

चूक कुठे होते तेही ठरलेले आहे. मोगरी उशिरा पडली, की चाक तिच्यावर चढते आणि रथाला हिसका बसतो. तिरकी पडली तर वजनाखाली सटकून बाजूच्या माणसाच्या पायावर येऊ शकते. मातीच्या रस्त्यात ठोकळा रुतून बसे, गुळगुळीत काँक्रीटवर तो चाकासोबत घसरतो. म्हणून आता मोगरी आधीच, चाक हळू असताना लावावी लागते. सर्वांत मोठा धोका दोरावाल्यांकडून असतो. इशारा मिळूनही पुढचे ओढत राहिले, तर मोगरीवाला चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडतो. त्यामुळे दोरापासून मोगरीवाल्यापर्यंत इशारा पोहोचवणारा माणूस उंच जागी, सगळ्यांना दिसेल असा लागतो. मोगरीवाल्याचे काम घराण्यांत, आळीत, मित्रांत बघून शिकले जाते. त्यासाठी दोन-तीन वर्षे नुसते चाकाच्या मागे चालावे लागते.

रथाच्या आधी शहरही कामाला लागते. मार्गावरचे खड्डे बुजवणे, आडव्या तारा उंच करणे, रथ त्या भागात असताना वीज बंद ठेवणे, गटारांवरची तुटकी झाकणे बदलणे ही कामे महापालिका, वीज कंपनी आणि पोलीस यांना एका तारखेपूर्वी उरकावी लागतात. रथाच्या मार्गावर रस्ता वर्षातून एकदा तरी दुरुस्त होतो. ही तारीख इतर रस्त्यांच्याही नशिबी यायला हवी.

जळगाव परिसरातील बारागाड्या हा याच जातीचा दुसरा उत्सव. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर बसलेली माणसे, पुढे ओढणारा भगत आणि त्याला दोन्ही बाजूंनी सावरणारे बगले. इथेही गर्दी मार्गात घुसली, की अपघात होतो, कारण सुटलेल्या गाड्यांना पुढून थांबवण्याचे साधन नसते. दोन्ही कडांना दोर बांधून मार्ग मोकळा ठेवणे एवढाच उपाय आहे आणि तो पुरेसा आहे.

हिवाळ्याचा हंगाम

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात मैदानावर मांडव टिकत नाही. त्यामुळे सभागृहांचे आणि मैदानांचे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गर्दी करतात. भरिताच्या वांग्यांचा हंगामही तोच. मैफल संपल्यावर भरीत आणि कळण्याची भाकरी हा पाहुण्या कलाकाराचा ठरलेला पाहुणचार असतो.

जानेवारीच्या सुरुवातीचा बालगंधर्व संगीत महोत्सव तीन संध्याकाळी चालतो. या नावाशी शहराचे नाते खरे आहे, कारण बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) लहानपणीच्या संगीतशिक्षणाचा एक टप्पा जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे झाला. अशा तीन दिवसांच्या महोत्सवाची तयारी सहा महिने आधी, कलाकारांच्या तारखा आणि सभागृह यांपासून सुरू होते. आधी सभागृह, मग कलाकार असा क्रम ठेवावा. उलट केल्यास निवडणूक आचारसंहिता किंवा शासकीय कार्यक्रम यांमुळे सभागृह हातचे जाते आणि कलाकाराला दिलेला शब्द अडकतो. मुंबईहून येणाऱ्यांसाठी जळगाव सोयीचे आहे, मुख्य लोहमार्गावर आहे आणि सुरतेची लाइनही इथेच मिळते. पण थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे उशिरा धावतात. दिल्ली-वाराणसीकडचा कलाकार आदल्या दिवशी गावात हवा.

वाद्यांचा त्रास हवेमुळे होतो. जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि हवा कोरडी असते. कोरड्या हवेत तबल्याची शाई असलेली पुडी ताणली जाऊन सूर चढतो. उघड्या मैदानात मध्यरात्री दव पडले, की तीच पुडी सैल होऊन सूर उतरतो. थंड खोलीत लावलेला तंबोरा दिव्यांखाली आला, की तारा तापून सैलावतात. म्हणून वाद्ये कार्यक्रमाच्या किमान अर्धा तास आधी मंचावर, दिवे लावून ठेवावीत आणि मग जुळवावीत. पंख्याचा झोत त्यांच्यावर येऊ देऊ नये.

ध्वनीबाबत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे सततची घूंऽऽ. दिव्यांचे डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच फेजवर किंवा खराब अर्थिंगवर असली, की ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. ध्वनीला स्वतंत्र फेज द्यावी, सगळी ध्वनियंत्रे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे आणि मायक्रोफोनच्या वायरी दिव्यांच्या वायरींना समांतर टाकू नयेत. जनरेटर मंचामागे न ठेवता दूर, वारा मंचाकडून जिकडे वाहतो त्या बाजूला उभा करावा. मैदानात ३० मीटरपलीकडे दुसरे स्पीकर लावायचे, तर त्यांना दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद उशीर द्यावा. न दिल्यास मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि ख्यालातली तान चिखल होते. खुर्च्यांसाठी रस्ते धरून दर माणशी ६ ते ७ चौरस फूट जागा धरतात. कमी धरली, की मधले रस्ते आधी बुजतात आणि नेमके तेच धोक्याचे असते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागी ध्वनिवर्धक बंद असतो. राज्य शासनाला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा १२ वाजेपर्यंत शिथिल करता येते, आणि ते दिवस बहुतेक सणांना जातात. त्यामुळे शेवटच्या कलाकाराला पाऊण-एक तास हवा असेल, तर कार्यक्रम सहाला सुरू झाला पाहिजे. तो बिघडतो तो सत्कारांमुळे. दीपप्रज्वलन, मनोगत, शाली आणि छायाचित्रे यांत पाऊण तास गेला, की मुख्य गायकाचा विलंबित आखडतो आणि भैरवी होतच नाही. उद्घाटन १५ मिनिटांत आटोपणारे संयोजक शहरात आहेत. त्यांच्याकडे रसिक वेळेवर येतात, कारण ते वेळेवर सुरू करतात.

नाटक

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी राज्य नाट्यस्पर्धेचे प्राथमिक फेरीचे केंद्र जळगावात असते, आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ महोत्सव खानदेशातील महाविद्यालयांना एकत्र आणतो. हौशी संघात बँकेचा कारकून, कारखान्यातला फिटर, शिक्षिका आणि विद्यार्थी एकत्र असतात. नेपथ्य करणारे हात वेल्डिंगच्या दुकानातले असतात. पाइपच्या सांगाड्यावर प्लाय, सांध्यांना नटबोल्ट, दोन टेम्पोंत बसेल असे तुकडे. या कामात हे शहर कोणत्याही मोठ्या केंद्राला उणे नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते शेवटच्या महिन्यावर ढकलणाऱ्या संघाची धावपळ होते. तालमींना जागा नसणे हे जुने दुखणे आहे. शाळेचा वर्ग रात्री नऊपर्यंतच मिळतो आणि फिटरची पाळी त्यानंतर सुटते.

बोली, कानबाई आणि बाहेर राहिलेले

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. जुन्या जळगावातील त्यांच्या घरात संग्रहालय आहे आणि २०१८ मध्ये विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या नावाच्या महोत्सवात बचत गटांच्या बायका मांडे, पापड, भरीत विकतात आणि बाजूच्या मंचावर वहीगायन (खानदेशातले लोकगायन), शाहिरी चालते. वहीगायनाचे संघ गावाकडून येतात. त्यांना दहा मिनिटे दिली, तर गायनाला रंगच चढत नाही. सवाल-जवाबाची लांबण हाच त्याचा जीव आहे, म्हणून अर्धा तास तरी द्यावा. लेवा गणबोली आणि अहिराणी यांना एकच ‘खानदेशी’ म्हणण्याची सवय सूत्रसंचालकांनी सोडावी. ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळ्या कळतात.

तिकिटाच्या किंवा निमंत्रणाच्या कार्यक्रमांना औद्योगिक वसाहतीतला कामगार फारसा दिसत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीच्या सुमारास सुटतो, आणि सभागृहाहून वसाहतीकडे त्या वेळी वाहन नसते. रविवारी सकाळी वसाहतीतच मांडव घातला, तर ही अडचण उरत नाही. या माणसांचा स्वतःचा मोठा उत्सव म्हणजे श्रावणातली कानबाई, खानदेशची घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सव्वाच्या मापात दळलेल्या गव्हाचे रोट, रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. सुरतेच्या कापडधंद्यात गेलेले खानदेशी भाऊबंदही रोटांसाठी घरी येतात. रविवार असल्याने पाळी आड येत नाही. संयोजकांनी कानबाईकडून शिकण्यासारखे हेच आहे.

खानदेशातील इतर शहरे

अमळनेरला प्रताप शेठ यांच्या गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर (१९१६) आणि महाविद्यालय उभे राहिले. साने गुरुजींनी तिथल्याच शाळेत शिकवले. १९५२ नंतर ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ९७ वे साहित्य संमेलन तिथे भरले आणि त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही झाले. भुसावळात रेल्वेची बहुभाषी वस्ती असल्यामुळे उत्सवही बहुभाषी आहेत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) आहे, आणि शिल्पकार राम सुतार (१९२५–२०२५) जवळच्या गोंदूरचे. चाळीसगाव हे गिरणीचे आणि जंक्शनचे गाव. तिथे स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंतून डोंगर, वादळ, समुद्र उभे केले आणि त्यांची छायाचित्रे काढली. तो बंगला आता संग्रहालय आहे, आणि गाडी बदलायला उतरलेल्या माणसाला तो पायी जाऊन पाहता येतो.