सरंजाम आणि वतन: एका मध्ययुगीन व्यवस्थेची पार्श्वभूमी

युरोपातील मध्ययुगीन समाजरचनेसाठी मराठीत 'सरंजामशाही' हा शब्द इतका रुळला आहे की, तो मुळात मराठा राज्याच्या दफ्तरातील एक हिशेबी शब्द होता याचा बहुधा विसर पडतो. फारसीतील या शब्दाचा अर्थ तयारी, साधनसामग्री असा आहे. पदरी फौज बाळगण्यासाठी सरदाराला एखाद्या मुलखाचा महसूल तोडून दिला जाई, त्या नेमणुकीला सरंजाम म्हणत. ती सहसा हयातीपुरती असे, सरदार मेला की वारसाने नजराणा भरून नवी सनद घ्यावी लागे, आणि सरकारची इतराजी झाल्यास सरंजाम जप्तही होई. म्हणजे कायद्याच्या भाषेत सरंजामदार जमिनीचा मालक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मुळे धरून बसलेली सत्ता वतनदाराची, म्हणजे गाव-परगण्याचा वंशपरंपरागत अधिकार व त्याचे उत्पन्न (वतन) असलेल्याची होती, आणि महाराष्ट्रातील सरंजामी समाजाचा उगम शोधायचा तर सरंजामाआधी वतनाकडे पाहावे लागते.

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. पुढे त्याची शकले होऊन निजामशाही, आदिलशाही आदी पाच शाह्या उभ्या राहिल्या. त्यांची ठाणी शहरांत आणि किल्ल्यांवर होती, पण गावोगावचा वसूल गोळा करायला स्थानिक माणसांवाचून गत्यंतर नव्हते. परगण्यात देशमुख व देशपांडे, गावात पाटील व कुलकर्णी अशी ही उतरंड होती. सुलतान बदलला तरी देशमुख बदलत नसे. नव्या सत्तेकडून जुन्या वतनाची सनद ताजी करून घेतली की त्याचे काम भागे. वसुलातील ठराविक हक्क, इनाम जमीन, स्वतःचे शिबंदीचे लोक आणि बुरुजांची गढी एवढे पाठीशी असल्यावर त्याला लहानसा राजा म्हणायला हरकत नव्हती. जावळीचे मोरे तर 'चंद्रराव' हा किताब मिरवीत जवळजवळ स्वतंत्रच वागत; १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा ते प्रकरण संपले.

वतनाची किंमत केवळ पैशात मोजता येत नसे. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याच्या मिरवणुकीत पुढे बैल कोणाचे, लग्नकार्यात पहिला विडा कोणाला, यावरून भाऊबंदांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. पाटीलकीचा निम्मा हिस्सा विकला तरी वडीलपणाचा मान राखून ठेवल्याची कलमे खरेदीखतांत येतात. निवाडा गोतसभेत, म्हणजे वतनदार व जातभाईंच्या पंचायतीत होई, त्याचा महजर (निवाडापत्र) लिहिला जाई, आणि कागदोपत्री निकाल लागेना तर दिव्य, म्हणजे देवावर हवाला ठेवून केलेली कसोटी, करण्यापर्यंत वेळ येई. आजच्या वाचकाला हे हट्टाचे वाटेल. परंतु ज्या समाजात अधिकार, उत्पन्न आणि प्रतिष्ठा एकाच कागदावर एकवटलेली असतात, तिथे मानपान सोडणे म्हणजे मालमत्ता सोडण्यासारखेच असते.

युरोपशी तुलना करताना साम्य आणि फरक दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात. तिथेही राजाने योद्ध्याला दिलेली जमीन आरंभी सेवेच्या मोबदल्यात, परत घेता येण्याजोगी होती. शार्लमेनचे साम्राज्य ८४३ च्या व्हर्दँ करारानंतर विभागले गेले आणि नॉर्समन, मग्यार यांच्या धाडींना स्थानिक गढीवाल्यांनाच तोंड द्यावे लागले. अशा काळात या देणग्या वंशपरंपरागत होत गेल्या. इटलीच्या स्वारीवर निघताना ८७७ मध्ये टक्कल्या चार्ल्सने कीर्झी येथे, मोहिमेच्या काळात मरण पावणाऱ्या सरदारांच्या मुलांचा वारसा मान्य केला. पुढे १०३७ मध्ये सम्राट दुसऱ्या कॉन्राडने इटलीतील लहान मांडलिकांनाही हे संरक्षण दिले. मात्र तिथल्या जमीनदाराची खाजगी शेती भूदास वेठीने कसत, आणि भूदासाला जमीन सोडून जाण्याची मोकळीक नसे. दख्खनमध्ये जमीन मुबलक आणि माणसे कमी होती. मिरासदार कुणब्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क होता. उपऱ्या, म्हणजे बाहेरून आलेल्या कुळाला तसा हक्क नसे, पण जुलूम वाढला की ते परागंदा होई, आणि ओसाड गाव वसवण्यासाठी कौल (सवलतीचे अभयपत्र) देऊन, सारा वर्षागणिक थोडा थोडा चढवणारा इस्तावा बांधून रयतेला बोलवावे लागे. वतनदार स्वतः फार मोठी शेती करीत नसे. तो वसुलावर जगे. वेठबिगार इथेही होती, पण तिचा सर्वांत जड भार बलुतेदारीच्या तळाशी असलेल्या महार वतनदारांवर पडला.

वतनाची ओढ किती होती याचा दाखला १६५९ चा आहे. अफझलखान चालून आला तेव्हा बारा मावळच्या देशमुखांना खानाला सामील व्हावे अशी आदिलशाहीची फर्माने सुटली. कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांचा पक्ष धरला, तर उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. देशमुखांच्या गढ्या पाडल्या, लष्कराला मुलूख न देता रोख वेतन दिले, हे महाराजांचे धोरण सभासदाच्या बखरीत आले आहे. वतने मात्र त्यांनी सरसकट बुडवली नाहीत, आणि स्वतः सरदेशमुखीचा, म्हणजे सर्व देशमुखांवरच्या वतनाचा हक्क सांगितला, कारण देशमुखांचा वरिष्ठ म्हणून बोलायचे तर वतनाचीच भाषा वापरणे भाग होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात (इ. स. १७१५ च्या सुमारास) याचे नेमके निदान आहे: वतनदार हे नावाचे वतनदार, वस्तुतः लहान पण स्वतंत्र देशनायक आणि राज्याचे दायादच (वाटेकरीच) असतात, त्यांना स्नेह आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे.

हे लिहिणाऱ्या अमात्यांनाच आधीच्या पंचवीस वर्षांत उलटे वागावे लागले होते. संभाजी महाराजांच्या १६८९ मधील वधानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना रिता होता, आणि औरंगजेब वतनांचे आमिष दाखवून माणसे फोडत होता. तेव्हा मराठ्यांनीही इनामे आणि वतने वाटली, न जिंकलेल्या मुलखाच्या सनदासुद्धा दिल्या. राज्य तगले ते याच सनदांवर. रोख वेतनाची पद्धत त्यात गेली, ती परत आली नाही.

बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्याच्या, तसेच दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि हा बदल पक्का झाला. चौथाईपैकी २५ टक्के बाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ टक्के साहोत्रा पंतसचिवांकडे, ३ टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीप्रमाणे, आणि उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांना अशी वाटणी ठरली. एकाच परगण्यात अनेकांचे हिस्से गुंतवून ठेवण्यामागे कोणी एकट्याने माजू नये हा हेतू असावा. झाले मात्र वेगळेच. जुन्या मुलखात हिस्से गुंतले, तर माळवा आणि गुजरातेत शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांनी सलग प्रांत धरले. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना पडले, तरी सेनापतिपद त्यांच्याच घराण्यात राहिले. सरंजाम आता व्यवहारात वतनासारखाच वारसाने जाऊ लागला होता. फ्रँकांच्या मुलखात नवव्या शतकात जे घडले, तेच इथे अठराव्यात घडत होते.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने मोठ्या सरंजामदारांना दुखवले नाही. पटवर्धन, फलटणचे निंबाळकर, भोरचे सचिव हे संस्थानिक म्हणून राहिले. लहान इनामदारांना मात्र इनामांचे हक्क तपासायला १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे जुने कागद घेऊन उभे राहावे लागले. वतनांना १८७४ च्या कायद्याने नवी चौकट दिली. त्याच कायद्यात बदल करून महारांची वेठ संपवावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, पण ते मंजूर झाले नाही. सरंजाम १९५२ च्या नियमांनी खालसा झाले, कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला, आणि महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली. महार वतनाच्या जमिनी जुन्या वतनदारांना आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) तिप्पट रक्कम भरून परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर; अशी जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि सातबाऱ्यावर ती भोगवटादार वर्ग २ मध्ये दाखवली जाते.