बटण दाबलं की झाला सहभाग?

संग्रहालयात पाय दुखतात, डोळे शिणतात आणि तिसऱ्या दालनानंतर सगळ्या मूर्ती सारख्याच दिसू लागतात. दोष आपल्या चिकाटीचा नाही. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी हे 1916 सालीच दाखवून दिलं. त्यांनी नजर चांगली असलेल्या एका माणसाला वस्तूंबद्दल काही प्रश्न दिले. उत्तरं वस्तू पाहूनच शोधायची होती. तो शोधत असताना त्याचे फोटो काढले. काही फोटोंत तो कमरेत वाकलाय, काहींत चक्क उकिडवा बसलाय. काचेची कपाटं आणि माहितीपाट्या लावणाऱ्यांनी पाहणाऱ्याच्या शरीराचा विचारच केला नव्हता.

पाट्या आता बऱ्यापैकी डोळ्यांच्या उंचीवर आल्या, पण माणसं थांबतात किती? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका चित्रासमोरचा सरासरी वेळ 27 सेकंद निघाला. निम्मे लोक तर 17 सेकंदांत पुढे सरकले.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे बटणं आणि टचस्क्रीन. मुलं धावत येतात, चारही बटणं एकदम दाबतात आणि पुढच्या यंत्राकडे पळतात. हात गुंतले, डोकं मोकळंच! सॅन फ्रान्सिस्कोतलं एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय 1969 पासून लोकांना प्रयोगांना हात लावू देतं. तिथल्याच संशोधकांच्या लक्षात आलं की एकाच प्रयोगात हलवण्या-फिरवण्याच्या गोष्टी फार झाल्या, तर मूळ मुद्दा हरवतो. मग त्यांनी कुटुंबांना एक साधा खेळ शिकवला. ज्याचं उत्तर आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, पण समोरच्या यंत्रावर करून पाहता येईल, असा प्रश्न आधी ठरवायचा. मग प्रयोग करायचा आणि काय कळलं ते एकमेकांना सांगायचं. खेळ शिकलेली कुटुंबं नव्या प्रयोगापाशीही जास्त वेळ रमली. यंत्रात काहीच बदललं नव्हतं. मला तर हा शोध कुठल्याही महागड्या पडद्यापेक्षा मोलाचा वाटतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही सरसकट नावं ठेवू नयेत. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या 2014 च्या प्रयोगात, अख्ख्या वस्तूचा फोटो काढणाऱ्यांना ती वस्तू नुसती पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवली. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा आठवण शाबूत राहिली, फोटोत न आलेल्या भागाचीसुद्धा.