घरगुती अळंबी लागवड (इंदूर)

घरातली एखादी खोली, झाकलेली गॅलरी किंवा जिन्याखालची अंधारी जागा वापरून खाण्याजोगी अळंबी वाढवण्याची पद्धत. अळंबी वनस्पती नव्हे. ती बुरशीचे फळ आहे. तिला ऊन लागत नाही, बहुतेक जातींना मातीही लागत नाही, आणि अन्न ती वाळल्या काडातून मिळवते. इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. शेतातले काड इथे मुबलक आणि वर्षातले आठ-नऊ महिने हवा मवाळ. वैरी एकच, चैत्र-वैशाखातली कोरडी झळ. इंदुरात जात कोणती लावायची हे हौस ठरवत नाही, महिना ठरवतो.

नाव व आहारातील स्थान : मराठीत अळंबी, अळिंबी, भूछत्र ही नावे आहेत. रानात उगवणाऱ्या न खायच्या जातींना सरसकट ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजाराने ‘मशरूम’ हाच शब्द रुळला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या रांगेत कवकही अभक्ष्य सांगितले आहे. जैन कुटुंबे अळंबी सहसा खात नाहीत आणि जुन्या वळणाच्या मराठी घरांत चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर तीही वर्ज्य ठरते. गंमत अशी, की इंदुरात अळंबी सर्वांत कमी कष्टात येते ती नेमकी चातुर्मासातच.

जाती आणि ऋतू : घरासाठी पहिली पसंती धिंगरीला. शिंपल्याच्या आकारामुळे तिला ऑयस्टर म्हणतात. प्ल्युरोटस प्रजातीतील अळंबीची पद्धतशीर लागवड जर्मनीत १९१७ मध्ये फाल्क यांनी केली. भारतात १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी ती काडावर वाढवून दाखवली. तिच्यात पोटजाती अनेक, आणि इंदूरकराचे फावते ते यामुळेच. जुलै ते सप्टेंबर हवा दमट व कोमट असते, तेव्हा गुलाबी धिंगरी किंवा साजोर-काजू. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या की पांढरी फ्लोरिडा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा वाढ मंदावते, पण थांबत नाही. त्या थंडीतली अळंबी सावकाश वाढते आणि चवीला जास्त भरीव लागते.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत धिंगरीचा नाद सोडावा. त्या दिवसांत ३० ते ३५ अंशांत सुखाने वाढणारी दुधी अळंबी (कॅलोसायबी इंडिका) लावतात. ती भारतातलीच जात आहे. बुरशी काडभर पसरल्यावर तिला वरून दोन-तीन सेंटीमीटर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो. याला केसिंग म्हणतात. खिडकीतला वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि हवेत ओलही सोडतो, त्यामुळे उन्हाळ्यात या पिकाला एअर कंडिशनरपेक्षा कूलर बरा.

बाजारात सर्वांत जास्त दिसणारे बटन मशरूम घरासाठी नव्हे. त्याचे कंपोस्ट दीर्घ पद्धतीने बनवायला सुमारे चार आठवडे लागतात, त्या काळात अमोनियाचा वास सुटतो आणि पुढे फळ धरायला १४ ते १८ अंश तापमान लागते. हॉटेलांत ‘गूर्मे’ म्हणून मिरवणाऱ्या शिताके आणि लायन्स मेन या जाती लाकडाच्या भुश्शावर वाढतात. त्या भुश्शाच्या पिशव्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक कराव्या लागतात आणि शिताकेला तर महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो. चार वेळा धिंगरी साधल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

काड : माळव्यात दोन काडे सहज मिळतात, गव्हाचा भुसा आणि सोयाबीनचा भुसा. सोयाबीनच्या भुश्शाला विदर्भात कुटार म्हणतात. सोयाबीनची मळणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते, म्हणजे ताजा भुसा हाती येतो तो धिंगरीचा हंगाम भरात असताना. त्यात गव्हाच्या काडापेक्षा नत्र जास्त असल्याने उत्पादन चांगले येते, पण तोच नत्र हिरव्या बुरशीलाही आवडतो. परतीच्या पावसात खळ्यावर भिजलेला भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नये. काळपट, कुबट काडात दुसऱ्या बुरशीने आधीच बिऱ्हाड केलेले असते. चांगले काड पिवळसर दिसते आणि हातात घेतले की त्याला गोठ्यातल्या कोरड्या चाऱ्याचा वास येतो.

कृती : काड ३ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे करून पोत्यात भरतात आणि रात्रभर पाण्यात भिजवतात. दुसऱ्या दिवशी ते ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. गिझरच्या पाण्याने हे काम होत नाही, कारण बादलीत ते पाहता पाहता निवते. मोठे पातेले शेगडीवरच ठेवावे लागते. खळखळून उकळण्याचीही गरज नाही. या तापमानाला त्रासदायक बुरश्या व किडी मरतात, पण काडातले काही उपयोगी जिवाणू टिकतात आणि ते नव्या घुसखोरांना अडवतात. शेतकी पत्रकांत कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मेलिन (जंतुनाशक) यांच्या द्रावणाचीही रीत दिलेली असते. शेडमध्ये ती ठीक, पण जिथे माणसे झोपतात त्या घरात फॉर्मेलिनचा वास नको.

निथळलेले काड स्वच्छ प्लॅस्टिकवर पसरून गार करतात. मूठ घट्ट आवळली तर तळहात ओला व्हावा, थेंब पडू नये. एवढी एक परीक्षा जमली की निम्मे काम फत्ते. मग बेड भरायचा. साधारण ३५ × ५५ सेंटीमीटरच्या पिशवीत पाच सेंटीमीटर काडाचा थर, त्यावर कडेकडेने स्पॉन, पुन्हा काड, असे थर दाबून रचतात. स्पॉन म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्पॉन पुरते. एक किलो कोरडे काड भिजून तीन किलोच्या घरात जाते, त्याला ६० ते ९० ग्रॅम. स्पॉन कृषी विद्यापीठांकडून किंवा खासगी प्रयोगशाळांकडून घेतात. मे महिन्यात कुरिअरने मागवलेले स्पॉन वाटेतच शिजते, म्हणून ते शक्यतो थंडीत किंवा पावसाळ्यात आणावे.

पिशवीचे तोंड बांधून दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडतात आणि ती अंधारात टांगतात. पंधरा ते वीस दिवसांत काड पांढरेशुभ्र होऊन विटेसारखे घट्ट बसते. मग प्लॅस्टिक कापून काढतात, थोडा उजेड आणि खेळती हवा देतात आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारतात. हवेत ८० ते ८५ टक्के ओल हवी. भोवती ओले गोणपाट लावले की इंदूरच्या हिवाळी कोरड्या हवेतही ती साधते. चार-सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब (पिनहेड) दिसतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत तोडणी येते. देठ लांब आणि टोपी लहान झाली तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला असे समजावे, खिडकी उघडावी. पाणी वाढवून उपयोग नाही, उलट बेड सडतो.

टोपीची कड वर वळायच्या आत मुळापाशी पिळून तोडतात. उशीर झाला की धिंगरी पांढऱ्या भुकटीसारखे असंख्य बीजाणू सोडते. बंद घरात रोज ते श्वासात गेले तर खोकला, दमा, ताप असा त्रास होतो. दम्याचा रुग्ण असेल तर बेड झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नये. सात ते दहा दिवसांच्या अंतराने तीन तोडण्या मिळतात. एक किलो कोरड्या काडावर नवख्याला अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी मिळते, हात बसल्यावर किलोपर्यंत.

बेडवर हिरवा डाग दिसला तर ती ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी. डाग लहान असेल तर चुन्याने झाकतात, पसरला असेल तर बेड घराबाहेर काढतात. खरवडू नये, बीजाणू उडून शेजारच्या बेडवर बसतात. बारीक काळ्या माश्यांसाठी खिडकीला जाळी आणि पिवळा चिकट कागद पुरतो.

रानातली अळंबी : पावसाळ्यात वारुळावर उगवणारी टर्मिटोमायसिस ही अळंबी चवीला धिंगरीपेक्षा कितीतरी सरस, पण तिचा संसार वाळवीशी बांधलेला असल्याने ती घरी लावता येत नाही. रानात ओळख पटल्याशिवाय काहीही तोडू नये. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, ही परीक्षा निखालस खोटी आहे.

स्वयंपाक : ताजी धिंगरी फ्रीजमध्ये कागदी पिशवीत दोन-तीन दिवस टिकते. वाळवली तर वजन साधारण दहाव्या हिश्शावर येते. उन्हात पापडासारखी, टोपीखालच्या पडद्यांची बाजू वर करून वाळवली तर तिच्यातल्या अर्गोस्टेरॉल या घटकाचे ड-२ जीवनसत्त्व बनते. ताजी धिंगरी पाणी सोडते म्हणून आधी कोरडी परतून मग खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात घालतात, मीठ शेवटी.

उरलेले काड : तोडण्या संपल्यावर काड तपकिरी, मऊ आणि हलके होते. त्याचे काय करायचे याचे उत्तर याच शहरात शोधले गेले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. तिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवशी ते उलथून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. अळंबीचे काड बुरशीने आधीच अर्धे पचवलेले असल्याने ते या ढिगात कच्च्या भुश्शाहून लवकर विरघळते. चार-पाच बेडांचे काड गच्चीवरच्या कुंड्यांत जिरते. त्याहून जास्त झाले तर ते सकाळी येणाऱ्या कचरागाडीत ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकतात, प्लॅस्टिकची पिशवी मात्र सोलून काढूनच.