कंपनी पुण्यात, घर डिचोलीत: घरून कामाच्या परवानगीचा अर्ज कसा करावा

चवथीला गावी यायचं, पुढचे चार दिवस ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि 'कायमचं इथूनच काम केलं तर?' हा विचार घेऊन पुण्याची बस पकडायची, असं गोव्यात डिचोली-फोंड्यातल्या अनेकांचं होतं. मॅनेजरला विचारलं तर तोही फोनवर म्हणतो, 'जा की, काय हरकत आहे.' तेवढ्यावर पुण्यातली खोली सोडू नका. मॅनेजर बदलतो, धोरण बदलतं. हातात लेखी पत्र हवं.

घरून काम करणं हा आपल्याकडे सरसकट कायदेशीर हक्क नाही. ती कंपनीच्या धोरणाप्रमाणे मिळणारी परवानगी असते. कायद्यात थेट उल्लेख आहे तो बाळंतपणाच्या रजेसंदर्भात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. रजा संपल्यावर, काम घरून होण्यासारखं असेल तर, दोघांनी ठरवलेल्या अटींवर कंपनी तशी मुभा देऊ शकते, हेही त्यात आलं. 'देऊ शकते' असं आहे, 'द्यावीच लागेल' असं नाही. तरी बाळंतिणीने अर्जात या तरतुदीचा उल्लेख जरूर करावा. त्यामुळे नुसत्या विनंतीला थोडं वजन येतं.

पात्रतेत कंपन्या साधारणपणे तीन गोष्टी बघतात: प्रोबेशन संपलं का, मागचं मूल्यमापन बरं आहे का, आणि काम खरंच दुरून होतं का. कॉल सेंटरवाल्यांना अजूनही कुणी सांगतं की सरकारी नियमात हे बसत नाही. ती माहिती जुनी आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये नियम सैल केले, आणि एजंटला देशात कुठूनही काम करता येतं. कंपनी विशेष आर्थिक क्षेत्रात असेल तर मात्र तिथले वेगळे नियम लागतात. त्यात जुलै २०२२ मध्ये घरून कामासाठी ४३अ हा नियम आला आणि त्याच्या अटी-मुदती नंतर बदलत गेल्या. तिथल्या एचआरने उत्तराला वेळ लावला तर चिडू नका.

आता कागदपत्रं, आणि गोव्यातली खरी गंमत इथेच आहे. एचआर पत्त्याचा पुरावा मागतं. तुम्ही विजेचं बिल काढता, तर ते आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. घरपट्टीची पावती बघावी तर ती थोरल्या काकांच्या नावावर. घर अजून वाटून झालेलं नाही, आणि नोकरीच्या अर्जासाठी कुणी ते वाटून घेणारही नाही. अशा वेळी काही जण मामलेदार कचेरीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यासाठी रांग लावतात. त्याची इथे काहीच गरज नसते. आधारवर गावचा पत्ता करून घ्या. त्याला घरपट्टीची किंवा विजेच्या बिलाची प्रत जोडा. ज्यांच्या नावावर कागद आहे ते हयात असतील तर त्यांचं दोन ओळींचं ना हरकत पत्र घ्या, नसतील तर नातं सांगणारं स्वतःचं घोषणापत्र द्या. एवढ्यावर सहसा भागतं. म्हापसा-पर्वरीला भाड्याने राहणार असाल तर भाडेकरार द्या आणि घरमालकाकडून पोलीस ठाण्यात भाडेकरूची पडताळणी करून घ्या.

दुसरा कागद इंटरनेटचा. ब्रॉडबँडचं बिल आणि वेग मोजल्याचा स्क्रीनशॉट बहुतेक ठिकाणी मागतात. तो स्क्रीनशॉट पाऊस नसलेल्या दुपारी काढून पाठवला की अर्ज मंजूर होतो, पण जुलैत सत्तरीच्या एखाद्या गावात वीज गेली, मागोमाग टॉवरही गेला की तुमचीच पंचाईत होते. म्हणून इन्व्हर्टर आहे का, दुसऱ्या कंपनीचं सिम आहे का, आणि दोन्ही बंद पडलं तर कुठे जाऊन बसणार, हे अर्जातच लिहा. 'वीज दोन तासांपेक्षा जास्त गेल्यास मी पणजीतल्या कोवर्किंग जागेतून काम करेन' हे एक वाक्य मॅनेजरला फार धीर देतं. मात्र तिथे कंपनीचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) चालतो का, आणि अशा जागेतून ग्राहकांची माहिती उघडायला परवानगी आहे का, ते आधी विचारा.

अर्ज मेलने किंवा एचआर पोर्टलवर करा. कोणत्या तारखेपासून, किती काळासाठी, कुठल्या पत्त्यावरून, किती ते किती वाजेपर्यंत उपलब्ध, आणि कार्यालयात बोलावल्यास किती दिवस आधी कळवावं, एवढं त्यात हवं. कारणाला एक परिच्छेद पुरे. आईच्या गुडघ्यांचा सगळा इतिहास नको.

मंजुरीचं पत्र आलं की त्यात सुट्ट्यांची यादी कोणती ते बघा. हे सगळेच विसरतात. गोव्यात ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन, दोन्हींची सार्वजनिक सुट्टी असते. चवथीचा दुसरा दिवसही सुट्टीचा. पुण्याच्या यादीत हे काही नसतं. कंपनी पुण्याचीच यादी लावणार असेल तर पंचमीला घरात गणपती असताना तुम्ही मीटिंगमध्ये असाल. रजा आधीच टाका. लॅपटॉप, हेडसेट यांची पावती, बिघडल्यास दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, इंटरनेटचे पैसे मिळतात का, हेही त्याच पत्रात असावं.

कराचं जरा सविस्तर. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेत असाल, तर पुण्यातली खोली सोडलेल्या महिन्यापासून तिथल्या पावत्या जोडणं बंद करा. स्वतःच्या घरात राहून ही सवलत मिळत नाही. घर आईवडिलांच्या मालकीचं असेल आणि तुम्ही त्यांना खरोखर बँकेतून भाडं देत असाल तर मिळते, पण ते भाडं त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागतं. इथे गोव्याचं वेगळेपण येतं: पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याखालच्या जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न सामान्यतः नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरलं जातं. म्हणजे भाडं वडिलांच्या खात्यात गेलं तरी अर्धं आईच्या विवरणपत्रात येईल. पुण्याच्या सीएला हे सांगावं लागतं. व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स) गोव्यात नाही. पगारातून तो अजून कापला जात असेल, तर आपल्याला लागू आहे का, हे पेरोलला लेखी विचारा.

घर हेही कामाचं ठिकाण आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घर येतं. कामाच्या व्हिडिओ कॉलवर कुणी वावगं वागलं तर तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडेच करायची, साधारण तीन महिन्यांच्या आत.

लंडनला किंवा लिस्बनला भावाकडे महिनाभर जाताना लॅपटॉप सोबत नेऊन 'तिथूनच लॉगिन करतो' असं करू नका. डिचोलीच्या पत्त्यावर मिळालेली परवानगी तिथे चालत नाही. व्हिसा, कर आणि माहितीची सुरक्षा, तिन्ही प्रश्न वेगळे होतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

परवानगी बहुधा सहा महिने किंवा वर्षाची असते. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचा मेल टाका आणि सोबत विजेचं नवं बिल जोडा. आजोबांच्या नावाचं असलं तरी चालेल, पण तारीख ताजी हवी.